पुण्यतिथी कशी पाळावी?
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दर वर्धापनदिनाला आपल्यापैकी एकीने एखाद्या सत्पुरुषाविषयी चार शब्द बोलावेत, ही माईंनी घालून दिलेली प्रथा आहे. आजवर या जागेवरून आपण एकनाथ महाराज ऐकले, जनाबाई ऐकली, गाडगेबाबा ऐकले. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले. मी सातवी शिकलेली घरगृहस्थीतील बाई. सभेत बोलण्याची मला सवय नाही. तेव्हा माझ्या बोलण्यात काही उणे-अधिक झाले तर आपण सांभाळून घ्यालच.

मी आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे ते आपल्या धर्माचे नाहीत, आपल्या देशाचेही नाहीत. ते ज्यू धर्माचे एक गुरू होते. त्यांचे नाव रब्बी मेनाखेम मेंडेल श्नीरसन. त्यांचे लोक त्यांना 'रेबे' म्हणतात. रेबे म्हणजे गुरुमहाराज म्हणा ना! त्यांच्या पुण्यतिथीला त्यांचे अनुयायी काय करतात, एवढाच माझा विषय आहे.

हा विषय मला सुचला कसा, तेही सांगते. माझी भाची न्यूयॉर्क शहरात क्वीन्स नावाच्या भागात राहते. तिच्या घरापासून थोड्या अंतरावर ज्यू लोकांची एक मोठी दफनभूमी आहे. जून-जुलैच्या सुमारास एक दिवस असा येतो की त्या रस्त्याला माणसांची रीघ लागते. बाया, पुरुष, कडेवरची पोरे, काठी टेकणारे म्हातारे, सगळे तासन् तास रांगेत उभे. तिने एकदा एका बाईला विचारले, "कसली जत्रा आहे?" ती बाई म्हणाली, "जत्रा नाही, आमच्या रेबेंची पुण्यतिथी आहे." भाचीने मला हे फोनवर सांगितले आणि माझ्या मनात ते घर करून राहिले. पुढे मुलीकडून वाचून घेऊन, विचारून, जे मला कळले ते आपल्यापुढे ठेवते.

कोणी म्हणेल, परक्यांच्या गुरूंचे आपल्याला काय? पण ज्यू माणूस आपल्याला परका नाही. आपल्या कुलाबा जिल्ह्यात, ज्याला १९८१ पासून रायगड म्हणतात, तेथे बेने इस्रायल लोक पिढ्यान् पिढ्या राहिले. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावोगावी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. ते मराठी बोलतात, त्यांच्या बायका आपल्यासारखी लुगडी नेसत, त्यांच्यात मराठी कीर्तनेही होत. नवस फेडताना ते पोह्यांचा मलिदा करतात, तो आपल्यापैकी जुन्या बायकांना आठवत असेल. इस्रायल देश १९४८ साली झाल्यावर त्यांतले बहुतेक तिकडे गेले. हे आपले बेने इस्रायल रेबेंच्या पंथाचे नव्हेत, त्यांची परंपरा वेगळी. पण धर्म एकच, आणि मेलेल्या माणसाविषयीचा भावही पुष्कळसा एकच.

आता रेबेंची हकीगत थोडक्यात सांगते.

त्यांचा जन्म १८ एप्रिल १९०२ रोजी निकोलायेव्ह या गावी झाला. हे गाव आज युक्रेन देशात आहे. वडील रब्बी लेवी यित्झाक मोठे विद्वान होते व एका मोठ्या शहराचे मुख्य धर्मगुरू होते. त्या वेळी तेथे सोव्हिएत राज्य होते आणि धर्म शिकविणे हा गुन्हा ठरे. १९३९ साली वडिलांना पकडले आणि पुढे दूर कझाकस्तानातील एका आडगावी हद्दपार केले. त्यांची पत्नी, म्हणजे रेबेंची आई हन्ना, आपण होऊन त्यांच्यामागे तेथे गेली. भगिनींनो, या माउलीची एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. नवऱ्याच्या डोक्यात शास्त्राचे विचार येत, पण लिहायला ना कागद, ना शाई. तेव्हा ही बाई रानातला पाला, झुडपे गोळा करी आणि त्यांची शाई करी. त्या शाईने तो ग्रंथांच्या समासात, मिळेल त्या कोऱ्या जागेत लिही. १९४४ साली तो परमुलखातच वारला. पण ते लिखाण राहिले आणि पुढे छापून निघाले. आपण बायका म्हणतो, आमच्या हातून काय होणार, आम्ही चुलीपाशी! शाई करणे हे काम चुलीपाशीच होते की नाही?

मुलगा तोवर बर्लिन आणि पॅरिस येथे शिकून, लढाईच्या धामधुमीत युरोपातून निसटून १९४१ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचला होता. त्याचे लग्न १९२८ साली झाले होते. पत्नीचे नाव हाया मुश्का. तिचे वडील रब्बी योसेफ यित्झाक हे 'खबाद' नावाच्या पंथाचे सहावे गुरू. खबाद हा ज्यूंमधील भक्तिमार्गी पंथ अठराव्या शतकात निघाला. त्याला लुबाविच असेही म्हणतात, कारण रशियातील त्या नावाच्या गावी त्यांची गादी पुष्कळ वर्षे होती. सासरे २८ जानेवारी १९५० रोजी वारले. लोकांनी जावयाला म्हटले, गादी आपण घ्या. त्यांनी लगेच होकार दिला नाही. बरोबर एक वर्ष गेले, सासऱ्यांच्या पहिल्या पुण्यतिथीला, म्हणजे १९५१ च्या जानेवारीत, त्यांनी ती जबाबदारी स्वीकारली. तेव्हापासून पुढे त्रेचाळीस वर्षे ते गुरू होते.

म्हणजे पाहा, यांच्या कामाची सुरुवातच एका पुण्यतिथीला झाली.

आता ज्यू लोक पुण्यतिथी कशी पाळतात ते सांगते. आपल्याला ते ऐकून नवल वाटेल, कारण पुष्कळ गोष्टी ओळखीच्या आहेत. आपण जशी तारीख न धरता तिथी धरतो, तसेच तेही करतात. त्यांचे महिने चंद्रावर चालतात आणि सूर्याशी मेळ बसावा म्हणून एकोणीस वर्षांत सात वेळा ते एक महिना जास्त धरतात. आपला अधिक मासच! त्यांचा दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो, म्हणून पुण्यतिथीचा दिवा आदल्या संध्याकाळी लावतात आणि तो पूर्ण एक दिवस-रात्र तेवत ठेवतात. या दिवसाला ते 'यार्त्झाइट' म्हणतात. माणूस गेल्यावर घरचे लोक सात दिवस बुटक्या आसनांवर बसतात आणि लोक समाचाराला येतात. मग तीस दिवसांचे वेगळे नियम. आईवडिलांसाठी मुलगा अकरा महिने 'कद्दीश' नावाची प्रार्थना म्हणतो, आणि पुढे दर यार्त्झाइटला म्हणतो. ही प्रार्थना मेलेल्यासाठी म्हणायची, पण तिच्यात मरणाचा एक शब्दही नाही! सगळी ईश्वराची स्तुती. ज्याच्या घरचे माणूस गेले आहे त्यानेच उभे राहून देवाला मोठे म्हणायचे. मला हे फार विचार करण्यासारखे वाटले.

त्यांची समजूत अशी की दर वर्षी त्या तिथीला गेलेला जीव एक पायरी वर चढतो. पण गेलेल्याला आता हात नाहीत. त्याला कोणाच्या मुखी घास घालता येत नाही, कोणाचा अश्रू पुसता येत नाही. ते काम मागे राहिलेल्यांनी त्याच्या नावाने करायचे. आपण पितरांच्या नावाने पान वाढतो, अन्नदान करतो, त्यामागचा भाव हाच नव्हे का? धर्माने सांगितलेल्या सत्कृत्याला ते 'मित्झवा' म्हणतात. दानाला त्यांचा शब्द आहे 'त्झेदाका'. या शब्दाचे मूळ न्याय या अर्थाचे आहे. म्हणजे गरिबाला दिले तर आपण उपकार केले असे त्यांच्या धर्मात नाही. त्याचे जे होते ते त्याला पोहोचविले, एवढेच.

१९५१ साली सासऱ्यांची पहिली पुण्यतिथी जवळ आली तेव्हा रेबेंनी आपल्या लोकांना पत्र लिहून त्या दिवशी काय करावे याची यादीच दिली होती. ती यादी ऐका. दिवा लावावा, आणि साधेल तर तो मधमाशीच्या मेणाचा असावा. शास्त्रातील काही पाठ वाचावेत. सकाळी दान करावे आणि दुपारी पुन्हा दान करावे. घरातल्या माणसांना एकत्र बसवून गुरूंची माहिती सांगावी. प्रार्थनामंदिरात जाऊन इतरांनाही सांगावी. आणि सर्वांनी मिळून बैठक करावी. या बैठकीला ते 'फार्ब्रेंगेन' म्हणतात. थोडे खाणे, थोडे गाणे, आणि मग मोकळेपणाने एकमेकांशी बोलायचे की गेल्या वर्षी आपण काय केले आणि येत्या वर्षी काय करणार.

या यादीत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मोठा खर्च होईल असे त्यात काही नाही. कोणाही घरच्या बाईला झेपेल असे सगळे आहे. दान सकाळी आणि पुन्हा दुपारी, असे दोनदा का? त्याचेही कारण आहे. ज्यूंचे एक थोर पंडित मायमोनिदीस हे आठशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये होऊन गेले. ते वैद्यही होते. ते लिहून गेले आहेत की हजार नाणी एकदम एकाला देण्यापेक्षा एकेक करून हजार वेळा देणे बरे, कारण प्रत्येक वेळी देणाऱ्याचा हात उघडतो आणि हाताला देण्याची सवय लागते. त्याच पंडितांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. नाखुषीने देणे ही सर्वांत खालची. घेणाऱ्याला देणारा ठाऊक नाही आणि देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही, ही फार वरची. आणि सगळ्यांत वरची कोणती? तर माणसाला उसने देऊन, भागी देऊन किंवा काम देऊन असे उभे करायचे की त्याला पुन्हा कोणाकडे मागावेच लागू नये. आपल्या माईंनी शिवणवर्ग काढला तेव्हा त्यांनी मायमोनिदीसचे नाव ऐकले नव्हते. पण त्या त्याच पायरीवर उभ्या होत्या.

रेबेंच्या शिकवणुकीत बायकांना मोठी जागा आहे. दर शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी ज्यू घरातील बाई दिवे लावते आणि मग त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, सुरू होतो. १९७४ साली रेबेंनी असे सांगितले की घरच्या आईनेच नव्हे, तर तीन वर्षांच्या मुलीनेही आपला एक दिवा लावावा. घरात एक दिवा वाढला की तेवढा अंधार कमी होतो. दानाची पेटी घरात असावी, आणि ती स्वयंपाकघरात भिंतीला पक्की बसवावी, असेही ते सांगत. पेटी देव्हाऱ्यापाशी असली तर पूजेच्या वेळी आठवण होईल. पण स्वयंपाकघरात असली तर दिवसातून वीसदा दृष्टीस पडेल, आणि भाजी फोडणीला टाकतानाही एखादे नाणे पडेल. ज्याने हे सांगितले त्याला बायकांचा दिवस कुठे जातो ते ठाऊक होते, असे मला वाटते.

१९८६ साली त्यांनी आणखी एक प्रथा सुरू केली. तेव्हा त्यांचे वय चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. दर रविवारी ब्रुकलिनमधील त्यांच्या वास्तूत ते दारापाशी उभे राहत. जो येईल त्याला आशीर्वादाचे दोन शब्द आणि एक डॉलरची नोट. ती नोट स्वतःसाठी नव्हे, कोणा गरजूला देण्यासाठी. त्यांचे म्हणणे असे की दोन माणसे भेटली तर त्या भेटीतून तिसऱ्याचे काहीतरी भले झाले पाहिजे. लोक ती नोट आठवण म्हणून जपून ठेवीत आणि तिच्या बदली दुसरी नोट गरिबाला देत. हजारो माणसे येत. म्हातारा माणूस तासन् तास उभा. एका वृद्ध बाईने त्यांना विचारले की, आपण थकत कसे नाही? त्यांच्या उत्तराचा भाव असा होता की, प्रत्येक जीव हा हिरा आहे, आणि हिरे मोजताना कोणी थकतो का? बायांनो, आपण दळण, धुणे, दुखणे-खुपणे यांत थकून जातो. पण दारी आलेल्या माणसाकडे हिरा म्हणून पाहिले तर निदान कपाळावरची आठी तरी उतरेल!

त्यांच्या पत्नी हाया मुश्का १९८८ च्या फेब्रुवारीत वारल्या. साठ वर्षांचा संसार, आणि मूलबाळ नव्हते. ज्या माणसाने जगाला धीर दिला त्याच्यावरच हा घाव पडला. त्या वेळी त्यांनी काय केले? थोड्याच दिवसांत पत्नीच्या नावाने एक निधी काढला, तो बायकांच्या अडीअडचणींसाठी. महिन्याभराने पत्नीचा जन्मदिवस आला, तेव्हा त्यांनी लोकांना सांगितले की प्रत्येकाने आपला जन्मदिवस चार माणसे जमवून पाळावा आणि त्या दिवशी काही चांगला संकल्प करावा. घरातले माणूस गेले म्हणजे जिवंत माणसाने ते मनाला लावून घ्यावे, असे त्यांचे शास्त्र सांगते. मनाला लावून घेणे म्हणजे खाटेला खिळणे नव्हे. आपल्या हातून पुढे काय व्हायचे आहे याचा विचार करणे, असा त्यांनी अर्थ घेतला. आज त्या बाईंच्या पुण्यतिथीच्या सुमारास जगभरातील त्यांच्या पंथाच्या कार्यकर्त्या बायका, हजारोंच्या संख्येने, न्यूयॉर्कला जमतात. आपापल्या गावच्या कामाचा हिशेब एकमेकींना सांगतात आणि परत जातात. आपल्या मंडळासारखेच, पण जगाएवढे मंडळ!

सासऱ्यांच्या समाधीवर रेबे नेमाने जात. लोकांची आलेली पत्रे पिशव्या भरून बरोबर नेत, उपाशीपोटी उभे राहून तेथे वाचीत. २ मार्च १९९२ रोजी त्याच ठिकाणी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली. दोन वर्षे आजारात काढून १२ जून १९९४ रोजी ते वारले. ज्यू पंचांगाप्रमाणे ती तम्मुझ महिन्याची तृतीया होती. आपल्याकडे ती ज्येष्ठ किंवा आषाढाच्या शुद्ध पक्षातील पहिल्या चार-पाच दिवसांत येते. योगायोग असा की १९२७ साली याच तिथीला त्यांच्या सासऱ्यांना सोव्हिएत तुरुंगातून बाहेर काढून हद्दपारीत पाठविले होते. म्हणून त्या लोकांना ही तिथी आधीपासूनच ठाऊक होती.

त्यांना सासऱ्यांच्या शेजारीच ठेवले आहे. त्या जागेला 'ओहेल', म्हणजे तंबू, असे म्हणतात. वर छप्पर नाही, उघडे आकाश आहे. पुरुषांचे दार वेगळे, बायकांचे वेगळे. आत जाताना दारावर टकटक करतात, जशी जित्या माणसाची परवानगी घ्यावी. कातडी जोडे पुष्कळ जण बाहेर काढून ठेवतात. फुलांचे हार नाहीत, नारळ नाही. प्रत्येकाने एक चिठ्ठी लिहून आणायची. आपल्या घरच्यांची नावे, दुखणी, अडचणी त्यात असतात. ती वाचायची, फाडायची आणि तेथे टाकायची. ज्याला येता येत नाही त्याची चिठ्ठी दुसरा आणून टाकतो. आणि त्यांच्यात पुष्कळ जण चिठ्ठीत केवळ मागणे लिहीत नाहीत. आपण कोणते एक सत्कृत्य जास्त करणार, तेही लिहितात. मागणाऱ्याने आधी काही देऊ करावे, असा तो भाव.

भगिनींनो, आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते.

रेबे गेले तेव्हा त्यांना मूल नव्हते आणि त्यांच्या मागे गादीवर कोणी बसला नाही. आजपर्यंत आठवा गुरू झालेला नाही. तेव्हा पुष्कळांनी म्हटले की आता हा पंथ विसकटणार. मतभेदही झाले. काही अनुयायी रेबे हेच मसीहा, म्हणजे तारणहार, असे म्हणू लागले, आणि इतरांना ते मान्य नव्हते. हा वाद त्यांच्यात अजून आहे, तो मी लपवीत नाही. पण काम विसकटले नाही. रेबेंनी आपल्या हयातीत तरुण जोडपी देशोदेशी पाठविली होती. तुम्ही तेथे जा, तेथेच राहा, घर उघडे ठेवा, जो येईल त्याला जेवू घाला, शिकवा. अशा जोडप्यांची संख्या गुरू गेल्यावर कमी होण्याऐवजी कितीतरी वाढली. आज ती सुमारे शंभर देशांत आहेत, आणि हजारांनी मोजावी लागतात. यात नवरा एकटा नेमला जात नाही. बायकोलाही तोच मान आणि तेच काम असते.

असेच एक जोडपे २००३ साली आपल्या मुंबईला आले होते. गॅव्हरिएल आणि रिव्का होल्ट्झबर्ग. कुलाब्याला नरिमन हाऊसमध्ये त्यांचे घर होते. प्रवासी, व्यापारी, कोणीही ज्यू माणूस आला की त्याला तेथे पान वाढलेले असे. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर जो हल्ला झाला, त्यात अतिरेकी त्या घरात शिरले. ही दोघे आणि त्यांचे चार पाहुणे, असे सहा जण तेथे मारले गेले. त्यांचा मुलगा मोशे दोन वर्षांचा होण्यास दोन-तीन दिवस कमी होते. त्याला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युअल या बाईने जिवाची पर्वा न करता त्याला उचलून बाहेर आणले. ती ख्रिस्ती, मूल ज्यू, आणि गाव आपले. पुढे ती त्याच्यासाठी इस्रायलला गेली. २०१० साली त्या देशाने तिला मानाचे नागरिकत्व दिले. आणि ते घर? ते २०१४ साली पुन्हा उघडले. मारेकऱ्यांनी ज्या टेबलापाशी रक्त सांडले, तेथे पुन्हा पाने वाढली गेली. हे कसे झाले? तर त्या लोकांना लहानपणापासून एकच शिकविले होते, की माणूस गेला म्हणजे त्याचे काम आपल्यावर येते.

गाडगेबाबांचा २० डिसेंबर आपण पाळतो, तेव्हा अनेक गावांतून लोक हातात खराटा घेतात. हेच ते. धर्म वेगळा, भाषा वेगळी, पण पुण्यतिथीचा अर्थ एकच. ज्याला जे आवडे ते त्याच्या दिवशी करावे.

आता थोडे आपल्या घरचे बोलते. माईंना जाऊन चार वर्षे झाली. त्यांनी या मंडळाला तीन कामे लावून दिली होती. शिवणवर्ग, बाळंतिणीच्या घरी दहा दिवस डबा, आणि गरजू मुलींसाठी वह्यांची पेटी. आज शिवणवर्गाला दोन वर्षे कुलूप आहे. यंत्रे आत आहेत. डबा कधी जातो, कधी राहतो. वह्यांची पेटी तेवढी चालू आहे, तीही दोन जणींच्या जिवावर. याला कोणा एकीचा दोष नाही. प्रत्येकीच्या घरी म्हातारी माणसे आहेत, मुलांच्या परीक्षा आहेत, काही जणी कामावर जातात. पण माईंच्या पुण्यतिथीला आपण फोटोला मोठा हार घालतो, शिरा करतो, दोन भजने म्हणतो आणि डोळे पुसून घरी जातो. मी विचारते, माईंना शिरा आवडे की शिवणवर्ग?

हार घालू नये असे माझे म्हणणे नाही. हार जरूर घालावा. भजनही हवे. नुसत्या कामाने मन कोरडे होते. पण तिकडच्या लोकांपासून तीन गोष्टी आपल्याला घेता येण्याजोग्या आहेत, त्या मी सुचविते.

पहिली गोष्ट. माईंच्या तिथीच्या आधी आठ दिवस प्रत्येकीने एक चिठ्ठी लिहावी. आपण येत्या वर्षात कोणते एक काम करणार, एवढेच. काम लहान असावे, म्हणजे पार पडेल. एखादी लिहील, मी महिन्यातून दोन डबे देईन. एखादी लिहील, मी शेजारच्या मुलीला बटण-काज शिकवीन. ज्या लिहीत नाहीत त्यांची चिठ्ठी मी लिहून देईन, माझे अक्षर बरे आहे! या चिठ्ठ्या फाडायच्या नाहीत. वहीत डकवून ठेवायच्या आणि पुढच्या वर्षी त्याच दिवशी वाचायच्या. कोणाला लाजविण्यासाठी नव्हे. ज्यांचे राहिले त्यांच्या हाताला हात लावण्यासाठी.

दुसरी गोष्ट. प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात एक डबा. रोज एक रुपया, जमेल तर दोन. रविवार असो की सण असो, आपला हात रोज एकदा उघडला पाहिजे. या मंडळात आपण पंचेचाळीस जणी आहोत. वर्षाचे सोळा हजारांवर रुपये होतात, आणि कोणाला जाणवतही नाहीत. तेवढ्यात शिलाईयंत्रांची दुरुस्ती आणि शिकविणाऱ्या बाईंचे काही महिन्यांचे मानधन निघेल.

तिसरी गोष्ट. त्या दिवशी आपापल्या मुलांना आणि सुनांना माईंची गोष्ट सांगावी. आपल्या मंडळात नव्या आलेल्या सुनांपैकी कितीजणींनी माईंना पाहिले आहे? त्यांना त्या भिंतीवरच्या फोटोतल्या बाई. पण माई पावसात गुडघाभर पाण्यातून बाळंतिणीचा डबा घेऊन गेल्या होत्या, हे त्यांना कोणी सांगितले तर त्या फोटोला डोळे येतील.

मला मोठे तत्त्वज्ञान कळत नाही. गेलेला जीव वर कुठल्या पायरीवर चढतो ते मी पाहिलेले नाही. पण शिवणवर्गाचे कुलूप निघाले, आणि एखाद्या मुलीने पहिले झबले शिवून आणून दाखविले, तर माई त्या खोलीत आहेत असे मला नक्की वाटेल. न्यूयॉर्कच्या त्या रांगेतल्या बायकांनाही असेच काहीतरी वाटत असणार. नाहीतर इतकी वर्षे झाल्यावर कडेवर पोर घेऊन उन्हात कोण उभे राहते!

चिठ्ठ्यांसाठी कागद मी आणले आहेत. ते दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. चहा घेऊन जाताना ज्यांना वाटेल त्यांनी एक घ्यावा. माझी चिठ्ठी मी लिहिली आहे. मंगळवार आणि शुक्रवार दुपारी दोन ते चार मी शिवणवर्गाच्या खोलीत बसेन. मला झबली, टोपरी आणि परकर एवढेच येते. पुढचे शिकविणारी कोणी भेटेपर्यंत तेवढ्यावर भागवू.